मनोविश्रांती केंद्र, बुलढाणा

३ जानेवारी १९३७, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. दुसऱ्यांच्या मनाचं शास्त्र सांगणाऱ्याने आधी स्वतःचं निरीक्षण करावं. भावना नकोत. फक्त फॅक्ट्स.

फॅक्ट पहिली. मी नीळकंठ वामन, एम. ए. हायस्कुलातली लॉजिक आणि इंग्रजीची मास्तरकी सोडली. (सिलोनहून परत यायला उशीर झाला, तोवर हेडमास्तरांनी माझ्या जागी दुसरा माणूस घेतला होता. पण घेतला नसता तरी सोडणारच होतो. तत्त्वाचा प्रश्न.)

फॅक्ट दुसरी. कलकत्त्याला शिकलेला युरोपातला मानसोपचार आणि सिलोनच्या विहारात शिकलेलं बौद्ध ध्यान, या दोहोंमध्ये पूल बांधणारा माणूस अख्ख्या सी. पी. अँड बेरारमध्ये मी एकटा. बहुधा हिंदुस्थानातही. जगाचं बघावं लागेल.

विहारात बरेच दिवस राहायचं होतं. पोटाने साथ दिली नाही. परंतु सार हाती आलं. निघताना वृद्ध भन्ते सिंहलीत काहीतरी बोलले. दुभाषी म्हणाला, तुम्ही फार बोलता असं ते म्हणतात. दुभाष्याचं इंग्रजी कच्चं होतं.

फॅक्ट तिसरी. भाद्रपदात आमची मुलगी तापाने गेली. दीड वर्षाची होती. मी वेळ न दवडता सिलोन गाठलं आणि त्या दुःखावर मात केली. माझ्या पत्नीने, पद्मजाने, केलेली नाही. ती परवा माहेरी गेली, जळगाव जामोदला. संक्रांत करून येते म्हणाली. निघताना माझ्याशी बोलली नाही, अण्णांना नमस्कार करून गेली. शास्त्रात याला रेझिस्टन्स म्हणतात.

पाटी लागली: ‘मनोविश्रांती केंद्र’. अण्णांनी चष्मा लावून वाचली. अण्णा म्हणजे माझे वडील, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. विश्रांती एवढंच पुरे होतं, म्हणाले. मी रागावलो नाही. राग आता जवळजवळ संपलाच आहे.

५ जानेवारी. सकाळ.
ध्यानाला बसलो. श्वास येतो, श्वास जातो. शेजारच्या गोजरबाई उखळात मिरच्या कांडत होत्या. ठोका, श्वास, ठोका, शिंक. सर्वांचं भलं होवो, अशी मैत्रीभावना केली. पुन्हा शिंक. शेवटी कुंपणापाशी जाऊन त्यांना सौम्य शब्दांत समज दिली. अण्णा म्हणतात, सौम्य शब्द कचेरीच्या फाटकापर्यंत ऐकू आले.
उद्यापासून खिडकी बंद ठेवून बसणे.

८ जानेवारी.
पेशंट आले! एकाला दाढ काढायची होती. रुखमाबाई म्हणून एक बाई आल्या, त्यांची म्हैस पान्हा चोरते. म्हशीचं अनकॉन्शस माझ्या कक्षेत येत नाही, असं सांगितलं. मंग तुमाले येते तरी काय, म्हणाल्या. लोकशिक्षणाची गरज आहे. त्यावर एक लेख लिहावा. इंग्रजीत.

सगळे मला मास्तर म्हणतात. ‘डॉक्टर’ म्हणायला हरकत नाही असं सुचवून पाहिलं. हाव मास्तर, म्हणाले.

१२ जानेवारी. दुपार.
आजची तारीख लक्षात राहील.

धाडचे पंजाबराव आले. मोठे शेतकरी, पन्नाशीचे, आवाज भरदार. कोर्टात तारखेला आले होते, पाटी दिसली म्हणून आत शिरले. तक्रार: रात्री झोप नाही. ‘छातीवर कोनी बसल्यावानी वाटते, मास्तर.’ सरकारी डॉक्टरने छाती ठोकून पाहिली, काही नाही म्हणाला. टिपिकल!

व्हिएन्नात कोच असतो. इथे बाज. त्यांना बाजेवर निजवलं, मी डोक्याशी दिसणार नाही असा बसलो आणि सांगितलं, मनात येईल ते बोला, काही गाळू नका. ते म्हणाले, मनात तं काई नाई, पन तुमची बाज लय बेस हाय.

हळूहळू बोलू लागले. त्यांचा चुलतभाऊ उत्तमराव. दोघांत एक विहीर. उत्तमरावाने यांची मोट बंद पाडली, यांनी दावा लावला. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे. मी लगेच ताडलं. विहीर म्हणजे आई. तसं त्यांना समजावून दिलं. म्हणाले, आई तं कवाचीच वारली हो, विहीर उत्तम्यानं अडवली.
यालाच डिनायल म्हणतात.

मग श्वासावर लक्ष द्यायला लावलं. थोड्याच वेळात घोरू लागले. दुपार टळेपर्यंत झोपले. उठले ते म्हणाले, छाती हलकी झाली. पहिल्याच बैठकीत! पूर्व आणि पश्चिम माझ्या बाजेवर एकत्र आल्या.
ग्रंथाला आरंभ करायचा. शीर्षक तयार आहे.

१६ जानेवारी.
संक्रांत झाली. पद्मजा आली नाही. तिचा भाऊ लक्ष्मीकांत तिळगूळ घेऊन आला. ताईचं आणखी थोडे दिवस राहायचं म्हणणं आहे, म्हणाला. मी त्याला सांगितलं, तिला म्हणावं सर्व संस्कार अनित्य आहेत, धरून बसणं हेच दुःखाचं मूळ, आणि रडू आत दाबलं की त्याची दुखणी होतात. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, भाऊजी, हे तुमचं तुम्हीच सांगा, मी फक्त तिळगूळ आणलाय.
मला राग आला नाही. लाडू कडक होता, म्हणून आपटला.

२० जानेवारी. सकाळ.
आज ध्यानात अपूर्व अवस्था. शरीराचं भान गेलं, विचार नाहीत, काळ नाही. बौद्धांच्या चार ध्यानांपैकी तिसरं असावं, कदाचित चौथं. जाग आल्यावर, म्हणजे बाहेर आल्यावर, मान आखडली होती. अण्णांच्या मते मी घोरत होतो. ते कचेरीत आयुष्यभर फायलींत राहिले, सूक्ष्म गोष्टी त्यांना कशा कळणार.

२७ जानेवारी.
गर्दी! पंजाबरावांनी नाव केलं. धाडचे, चिखलीकडचे, मलकापूरकडचे, सगळे येतात. विशेषतः कोर्टाच्या दिवशी. पुकारा होईपर्यंत वेळ असतो तेव्हा येतात, बाजेवर पडतात, एकही फ्री असोसिएशन न करता सरळ झोपी जातात. तीव्र मानसिक थकवा. अख्खा जिल्हा आतून थकलेला आहे, हा माझा शोध.

दुसरी बाज आणली. सतरंज्याही घातल्या. एकाने विचारलं, मास्तर, भाकरी खायाले पानी भेटन काय? दिलं. पेशंटचा विश्वास असाच संपादावा लागतो.

अण्णा म्हणाले, धर्मशाळा चांगली चालली आहे. मी मौन पाळलं. पाळताना टेबलावर हात आपटला.

१ फेब्रुवारी.
इलेक्शनचा धुमाकूळ. मोटारीवरून भोंगा, ‘मत द्या, मत द्या’. ध्यानात श्वासाऐवजी मत येतं, मत जातं. केंद्रात झोपलेल्या एकाने दचकून उठून विचारलं, तुमी कोनाकडून हा, मास्तर? मी म्हटलं, मी कोणाकडूनच नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हनतात.

पद्मजाचा निरोप नाही. माझी आसक्ती संपल्याने फरक पडत नाही. फक्त नोंद. आज पोस्टमन दोनदा आल्यासारखा वाटला, दोन्ही वेळा दुसराच कोणी होता.

३ फेब्रुवारी.
आश्चर्य. उत्तमराव आले! विहिरीचे दुसरे मालक तेच. बारीक, तोंडात पान, तोलून बोलणारे. पंजाबराव माझे पेशंट आहेत हे त्यांना ठाऊक नाही. तक्रार: जेवताना घास अडतो. ‘समोरून तो गेला का घास उतरत नाई, मास्तर.’ तो कोण, ते मी विचारलं नाही. व्यावसायिक गुप्तता. त्यांनाही सांगितलं, विहीर म्हणजे आई. ते म्हणाले, वकील तं म्हनते विहीर म्हंजे सर्व्हे नंबर.

बाजेवर पडले. झोपताना पुटपुटत होते, आमी दोघं याच विहिरीत पव्हाले शिकलो. मग तेही घोरले.

कल्पना सुचली! दोघांना एकत्र बसवायचं. समोरासमोर. मौन ध्यान. वीस वर्षांचं वैर श्वासात विरघळणार. जगात कुणी केलं नसेल.

१० फेब्रुवारी.
दैव अनुकूल. एक युरोपियन प्रोफेसर अजिंठ्याची लेणी पाहायला निघाले आहेत, आठवडाभर इथल्या डाक बंगल्यात मुक्काम. अण्णांच्या कचेरीतल्या जुन्या मित्राकडून कळलं. युरोपियन प्रोफेसर, आणि बुद्धाची लेणी! माझ्याच विषयातले असणार. प्रयोग त्यांच्यादेखत करायचा. ते व्हिएन्नाला जाऊन सांगतील. मग बोलावणं. पद्मजालाही नेईन, तिला बोट लागत नसेल अशी आशा.

अण्णांनी स्वतः जाऊन प्रोफेसरांना चहाचं आमंत्रण दिलं. मी सांगितलं नव्हतं. परत आले आणि पगडी ब्रशने साफ करत बसले.

१६ फेब्रुवारी. सकाळ.
सर्व सज्ज. दोघांची आज कोर्टात तारीख आहेच. दोघांना वेगवेगळं सांगून ठेवलं, खास बैठक आहे. सिलोनहून आणलेली पितळी घंटा घासून ठेवली. मन तलावासारखं स्थिर आहे. गोजरबाईंना आज कांडू नका म्हणून आधीच विनंती केली. ओरडलो नाही, कुंपण उंच आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

१६ फेब्रुवारी. संध्याकाळ.
फॅक्ट्स लिहितो.

प्रोफेसर आले. लाल चेहरा, पांढरी दाढी, गोड माणूस. मी अनकॉन्शसवर बोलू लागलो. ऐकत राहिले. मग अण्णांनी साध्या इंग्रजीत विचारलं तेव्हा कळलं, त्यांचा अभ्यास भिंतीवरच्या चित्रांतल्या रंगांचा. हिरवा कशापासून केला, तांबडा कशापासून. मन हा त्यांचा विषय नाही. मी म्हटलं, हरकत नाही, रंग हाही मनाचाच खेळ. त्यांनी विचारलं, इथे गेरू चांगला मिळतो का?

पंजाबराव आले, बसले. मग उत्तमराव दारात. दोघांनी एकमेकांना पाहिलं. उत्तमराव म्हणाले, ‘ह्या मानसासंगं मी एका सतरंजीवर बसू?’ पंजाबराव म्हणाले, ‘मास्तर, तुमी याले पन बाज देता?’ बाजेचा त्यांना जास्त धक्का बसलेला दिसला. प्रोफेसर पाहुणे आहेत, असं हात जोडून सांगितल्यावर दोघं पाठीला पाठ लावून बसले. समोरासमोर ठरलं होतं. असो.

घंटा वाजवली. डोळे मिटले. छान शांतता. अण्णा, प्रोफेसर, दोघे भाऊ, सगळे स्थिर. मला वाटलं, हा तो क्षण.

मग कुजबुज. मोटेची. मग मोटेचा नाडा कोणाचा, पाणी पडायचं थाळणं कोणाचं. मी डोळे न उघडता म्हटलं, शांत. कुजबुज वाढली. शांत. मग पंजाबराव मोठ्याने म्हणाले, बारा महिने पान्यावाचून माया मिरच्या वायल्या. आणि उत्तमराव म्हणाले, ‘मिरच्याच वायल्या ना बे? लेकरू तं नाई मेलं कोनाचं!’

एवढंच. म्हणण्याची रीत आहे ती. आपल्याकडे सगळे म्हणतात.

मी उठलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. इंग्रजीत नव्हतं. घंटा फेकली. ती भिंतीला लागून प्रोफेसरांच्या बुटापाशी येऊन थांबली. नाद बराच वेळ राहिला.
कारण अज्ञात. पित्त असावं.

नंतर काय झालं ते नीट क्रमाने आठवत नाही. पंजाबरावांनी मला धरून बाजेवर निजवलं. माझ्याच बाजेवर. उत्तमरावांनी माठातलं पाणी आणलं, पायाशी बसले. ते सारखे म्हणत होते, मले ठाव नोतं, मास्तर, मले कोनी सांगतलं नोतं. अण्णांनी दारातून त्यांना सांगितलं असावं. पंजाबरावांनी विचारलं, ‘कितीक मोठी होती लेक?’

उत्तर देणार नव्हतो. दिलं. मग आणखी विचारलं नाही तरी सांगत गेलो. मी वाचत बसलो की ती माझ्या सदऱ्याची गुंडी धरून उभी राहायची. टांग्याच्या घोड्याला आबा म्हणायची. त्या दिवशी मी डॉक्टरला आणायला गेलो, डॉक्टर मलकापूरला गेलेले, परत आलो तर अंगणात बायका बसल्या होत्या आणि कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. तिच्या आईजवळ गेलोच नाही. सरळ खोलीत जाऊन सिलोनच्या बोटीचं टाइमटेबल काढलं.

पंजाबराव फक्त हूं म्हणत होते. विहीर म्हणजे आई असं काही त्यांनी सांगितलं नाही.

प्रोफेसर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. अण्णांनी त्यांना वाटेत खायला बांधून दिलं. रंगांबद्दल दोघं फाटकापाशी बराच वेळ बोलत होते. अण्णांनी त्यांना गेरू कुठे मिळतो ते सांगितलं.

उत्तमरावांची बैलगाडी नोकर आधीच घेऊन गेला होता. पंजाबरावांनी त्यांना आपल्या गाडीत घेतलं. दोघं तोंडं दोन बाजूंना करून बसले आणि गेले.

निष्कर्ष: ट्रान्सफरन्स (पेशंटच्या भावना डॉक्टरकडे वळणं) उलट्या दिशेने झाला. हे प्रकरण ग्रंथात घ्यायचं नाही.

१८ फेब्रुवारी.
पंजाबराव विचारपूस करायला आले. सोबत हुरड्याची वेळ संपली म्हणून बोरं आणली. दावा चालूच आहे, म्हणाले. ‘पन काल त्यानं चिलीम देल्ली.’ हा माझ्या पद्धतीचा विजय मानायचा की नाही, विचार चालू आहे. तूर्त मानतो.

२३ फेब्रुवारी. सकाळ.
ध्यान होत नाही. डोळे मिटले की गुंडी ओढली जाते. उघडले की खिडकी दिसते. डोळे उघडेच ठेवून बसलो. अण्णा येऊन शेजारी बसले. ते कधीच बसत नाहीत. म्हणाले, नात माझीही होती. उठताना गुडघा धरून म्हणाले, सूनबाईला घेऊन ये, पाटीचं मग बघू.

संकल्प: जायचं. भेटीची पूर्ण तयारी करायची. तीन मुद्दे:
एक, दुःखाचं स्वरूप. दोन, ते दाबण्याचे दुष्परिणाम. तीन, परत येण्याचे फायदे. प्रत्येकाला पूर्वेचा एक आणि पश्चिमेचा एक दाखला. शांत स्वरात बोलायचं.

३ मार्च. जळगाव जामोद. संध्याकाळ.
मलकापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, नांदुऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा मोटार. वाटेत मुद्दे पाठ केले. पूर्णा ओलांडताना दुसरा मुद्दा आणि तिसरा एकमेकांत मिसळले. पुन्हा सुरुवातीपासून.

सासूबाई, अन्नपूर्णाबाई, दारात होत्या. या म्हणाल्या. पाणी दिलं. पद्मजा मागच्या अंगणात, म्हणाल्या.

ती मुंगवड्या घालत होती. बाजेवर धोतर अंथरलेलं, त्यावर ओळीने वड्या. माझ्याकडे पाहिलं आणि पुढची वडी घातली. बारीक झाली आहे. मी पाटावर बसलो आणि मुद्दा पहिला सुरू केला. दुःखाचं स्वरूप, असं म्हटलं. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, ‘मी आजारी नाही. मले बरं करू नका.’

घरात ती शुद्ध बोलते. मले म्हणाली तेव्हा कळलं, खरंच सांगते आहे.

मग म्हणाली, तिची झबली मी एकटीने धुतली, वाळवली, घडी केली. तेव्हा तुम्ही कुठं होता?
सिलोनला, हे उत्तर बरोबर होतं. दिलं नाही.

दुसरा मुद्दा आठवेना. पूर्वेचा दाखला आठवेना, पश्चिमेचाही. मी म्हटलं, मला अंगणात यायची भीती वाटली. बायका बसल्या होत्या. म्हणून टाइमटेबल काढलं. एवढंच म्हणायचं होतं, पण शेवट नीट झाला नाही. रडू आलं ते थांबेना. नाकातून, आवाजासकट. शास्त्रशुद्ध काहीच नव्हतं. ती म्हणाली, ‘पीठ नासेल, इकडे सरका.’ मी सरकलो. तीही सरकली. भिंतीच्या सावलीत दोघं बसलो. तिचे हात पिठाचे होते, तरी तिने माझा हात धरला. आधी मी रडलो, मग ती, मग दोघं. मग लेक घोड्याला आबा म्हणायची त्याची नक्कल पद्मजा करून दाखवू लागली, ती मला जमत नव्हती. पद्मजाला जमते.

उरलेल्या वड्या मी घातल्या. वाकड्या आल्या. तिने सरळ केल्या नाहीत.

ती येणार आहे. होळीनंतर. लगेच नाही. तोवर मी दर आठवड्याला येऊन जायचं, आणि आलो की गप्प बसायचं असं ठरलं.

रात्रीच्या जेवणाला सासरे, लक्ष्मीकांत, सगळे पंगतीत. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, जावईबापू, तुमचं ते बुलढाण्याचं केंद्र काय म्हणतं? चालतं का?

उत्तर तोंडात तयार होतं. जिल्हाभरातून पेशंट, युरोपियन प्रोफेसरांची भेट, ग्रंथ प्रगतिपथावर. घास गिळला.

म्हटलं, नाही. लोक झोपायला येतात.

सासरे हसले. लक्ष्मीकांतही. पद्मजा हसली नाही. भाजीचं पातेलं घेऊन उभी होती, ती माझ्या पानाशी वाकली आणि न विचारता वाढलं.